मानेवरची ओळ

माहितीपट कसा असावा, याबद्दल मला कुणी विचारलेलं नाही. विचारणारही नाही, कारण त्या कामासाठी वेगळी माणसं असतात आणि त्यांना दाढ्या असतात. पण माझ्या नवऱ्यावर एक माहितीपट निघाला, मी तो पाहिला, आणि त्यात मी स्वतः चहा घेऊन येते. तेव्हा माझं मत मी सांगणार. ज्याला ऐकायचं नसेल त्याने खुशाल उठून जावं.

माझं मत असं, की माहितीपटात सगळं खरं असतं, फक्त चहा खोटा असतो.

म्हणजे काय, ते सांगते. आमचे हे केस कापायचे. चौकात दुकान, दोन खुर्च्या, भिंतभर आरसा, आणि त्या दुकानात उभ्याने गेलेला सगळा जन्म. मग गुडघे कुरकुरायला लागले, तेव्हा यांनी जाहीर केलं की आता बास. हात चांगला आहे तोवर थांबावं, लोकांनी 'आता थांबा' म्हणायची वेळ येऊ देऊ नये. यांना अभिमान एकाच गोष्टीचा. मानेवर केस संपतात तिथली ओळ. ती वाकडी घेऊन आपल्या खुर्चीतून कुणी उठलं नाही, असं हे छातीठोकपणे सांगायचे. केस झाले की दोन पावलं मागे सरायचे, मान तिरकी करून बघायचे, पुन्हा पुढे येऊन कात्रीचं एक टोक लावायचे, आणि मगच टॉवेल झटकायचे. गिऱ्हाईक पुढून बघतं, म्हणायचे, आपण मागून बघायचं.

दुकान बंद होणार हे आमच्या भाचीला कळलं. भाची म्हणजे यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. सिनेमे करते, नाचगाण्यांचे नाही, खऱ्या माणसांचे. बाहेर तिला चांगलं भारदस्त नाव आहे. घरात ती छकुली, आणि पिकली तरी छकुलीच राहणार.

"मामा, तुझ्या दुकानाचा शेवटचा आठवडा मी टिपणार," ती म्हणाली. "मी तिथे नाहीच असं समजायचं."

समजलो. दारात कॅमेऱ्याचं तिकाटणं, खुर्चीमागे दिवा, स्वतः आरशात दिसू नये म्हणून अर्ध्या आरशावर माझी चांगली चादर, आणि ही तिथे नाहीच. एक गिऱ्हाईक दाढी करायला आलं, ते त्या वायरीत पाय अडकून तसंच बाहेर गेलं आणि दाढी वाढवून बसलं.

मग तिची नजर माझ्यावर पडली. "मामी, तू मामाला रोज दुकानात चहा आणतेस ना, तसा आण."

"मी कधीच आणत नाही," मी म्हटलं. "समोरच्या चहावाल्याकडून येतो."

"पण आणला असतास तर कसा आणला असतास?"

आता या पोरीला काय म्हणावं. आणला. एकदा माझी सावली आडवी आली, एकदा रस्त्यावर भोंगा वाजला, एकदा मी कॅमेऱ्याकडे बघितलं. शेवटच्या खेपेला त्या चहाचं गार पाणी झालं होतं आणि हे ते पिऊन "वा" म्हणाले. उभ्या संसारात यांनी माझ्या चहाला वा म्हटल्याचा तेवढाच पुरावा आहे, म्हणून मी काही बोलले नाही.

शेवटचं कटिंग कुलूपवाल्यांचं करायचं, हे आधीच ठरलं होतं. कुलूपवाले म्हणजे शेजारच्या गाळ्यात चाव्या करून देणारे. दुकान उघडलं त्या दिवशी पहिले तेच बसले होते. त्या संध्याकाळी मी घरी होते, ते काही मी पाहिलं नाही. हे आले, हत्यारांची पेटी कपाटावर ठेवली, पाय गरम पाण्यात सोडले आणि म्हणाले, "झालं बुवा." मला वाटलं, सुटलो. दुसऱ्या दिवसापासून हे चोवीस तास घरात, आणि डोक्यावर मिरे वाटायला सुरुवात.

सिनेमा तयार झाला तेव्हा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दाखवला. तिथे एक मंडळ आहे, माहितीपट बघायचा आणि मग त्याची चिरफाड करायची, असा त्यांचा कार्यक्रम. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. हे नवा शर्ट घालून. कुलूपवाले तर सेंट लावून आले होते, आणि दारातून येणाऱ्या प्रत्येकाला "आम्हीच ते शेवटचे" म्हणून सांगत होते.

दिवे गेले. सुरुवातीलाच कंगवा. नुसता कंगवा, आणि मागे कुणीतरी व्हायोलिनवर रडतंय. मला वाटलं मशीन अडकलं. मी शेजारी बसलेल्या छकुलीला कोपर मारलं, "छकुले, पुढे सरकत नाहीये." मागून कुणीतरी शुक् केलं. तेवढ्यात कंगव्यावरून एक मुंगी चालत गेली, तेव्हा कळलं की चालू आहे.

पण खोटं कशाला बोलू, नंतर बरं वाटायला लागलं. यांचे हात एवढे मोठे मी कधी पाहिले नव्हते. लहान पोराचं डोकं धरताना दोन बोटं कानामागे कशी ठेवतात, म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला खुर्चीतून उठवताना हात न देता टॉवेल कसा पुढे करतात, म्हणजे त्याला वाटावं आपणच उठलो. एवढी वर्षं याच माणसाशी भांडले आणि हे मला ठाऊकच नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच वेळी पडद्यावर मी चहा घेऊन आले, पाठमोरी, आणि गेले. डोळे आपोआप कोरडे झाले.

मग शेवट. कुलूपवाल्यांची मान, बरोबर मागून, हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खिडकीतून सोनेरी उजेड. कात्री चालली, थांबली. शटर खाली आलं, काळोख झाला, आणि लोक टाळ्या वाजवायला लागले.

माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती. हे उभे होते. पडद्यावर आता नुसती नावं वर सरकत होती, तरी हे मान तिरकी करून बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"ओळ डावीकडे उतरलीय," हे म्हणाले.

चर्चा सुरू झाली. एक दाढीवाले गृहस्थ उठले. या सिनेमाचं बलस्थान म्हणजे संयम, म्हणाले. प्रेक्षकाला काय वाटायला हवं हे हा सिनेमा सांगत नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे करणारी कुठेच दिसत नाही, तिचा आवाज एकदाही ऐकू येत नाही, कॅमेरा जणू अदृश्य होतो. छकुली लाजून लाल झाली. मला माझी चादर आठवली.

गळ्यात चष्म्याची साखळी घातलेल्या एक बाई म्हणाल्या, की त्यांना व्हायोलिन खटकलं. हात एवढे बोलत असताना वर आणखी रडारड कशाला? जुनं ते सगळं सुंदर, असं दाखवायची या सिनेमांना खोड आहे, म्हणाल्या. गुडघे दुखतात हे एका वाक्यात आणि उजेड मात्र दर पाच मिनिटांनी. "आणि ती चहा आणणारी बाई कोण आहे? तिला काही म्हणायचं नाही का?" ही बाई मला फार हुशार वाटली.

मागच्या रांगेतल्या एकाला सिनेमा लांब वाटला, दुसऱ्याला अपुरा वाटला, आणि ते दोघे एकमेकांशीच भांडत बसले. शेवटी दाढीवाल्यांनी यांना विचारलं, "तुम्हाला स्वतःला पडद्यावर बघून काय वाटलं?"

हे उठले. "ओळ डावीकडे उतरलीय," म्हणाले आणि बसले.

सगळा हॉल हसला. काय ती विनम्रता, असं कुणी म्हणालं, आणि पुन्हा टाळ्या. यांचा चेहरा मात्र मी बघत होते. त्या चेहऱ्यावर विनम्रता बिलकुल नव्हती. घाबरलं होतं ते माणूस.

दुसऱ्या दिवशी यांनी दाढी केली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ज्या माणसाने तापातही बिछान्यावर बसून दाढी केली, तो खुंट वाढवून खिडकीत बसला. कपाटावरची पेटी उचलून माळ्यावर टाकली.

मी कुलूपवाल्यांना बोलावून घेतलं. म्हटलं, समजूत घाला. ते आले, मान वळवून दाखवली, "अहो कुठे आहे वाकडी? आणि आता तर केसही वाढले."

"वाढले म्हणून झाकलं गेलं," हे म्हणाले. "खरं सांगा भाऊ, याआधीही उतरत होती का? तुम्ही सगळे मला सांभाळून घेत होता का?"

कुलूपवाल्यांनी मानेवरून हात फिरवला. म्हणाले, "मला माझी मान दिसते का?" खरं तेच बोलले बिचारे, पण वेळ चुकली. यांनी खिडकीकडे तोंड केलं.

मग मला कळलं, हे कशाला घाबरले होते. ती एक मान वाकडी गेली याचं दुःख नव्हतंच. आपला हात कधी गेला हे आपल्याला कळलंच नाही, गावभर वाकड्या माना पाठवत राहिलो आणि लोक तोंडावर चांगलं म्हणत राहिले, अशी त्यांची खात्री होत चालली होती. हात चांगला असताना थांबलो, एवढ्या एका वाक्यावर हा माणूस म्हातारा व्हायला निघाला होता. तेच वाक्य पोरीच्या सिनेमाने काढून घेतलं. आणि मला सांगायला लाज नाही, मला त्या सिनेमाचा, त्या मुंगीचा आणि त्या दाढीचा भयंकर राग आला.

एक दिवस दुपारी चहा करत होते. हे स्वयंपाकघरात आले आणि नेमके शेगडीसमोर, माझ्या जागेवर येऊन उभे राहिले, नुसते. निवृत्त पुरुष उभे राहतात तसे. "सरका," म्हटलं, सरकले नाहीत, ऐकूच आलं नाही. मग मी बाजूनेच हात लांब करून कपात चहा ओतला, आणि अर्धा बशीत, अर्धा ओट्यावर.

माझ्या हातात गाळणी तशीच राहिली. माझा हात काही गेलेला नाही. माझ्या जागेवर दुसरं कुणी उभं होतं.

"अहो," मी म्हटलं, "ती मान सिनेमात बरोबर मागून दिसते ना?"

"हो."

"बरोबर मागे तुम्ही उभे राहता. मग तिथे कॅमेरा होता, तर तुम्ही कुठे होता?"

"बाजूला," हे म्हणाले. "ते मला माहीत आहे."

"माहीत आहे? मग एवढे दिवस सुतक पाळल्यासारखे का बसलाय?"

"काय सांगू मग लोकांना? कॅमेरा मध्ये होता म्हणून वाकडं झालं? नाचता येईना अंगण वाकडं. ज्याला येतं त्याला कुठूनही आलं पाहिजे."

यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी छकुलीला फोन केला. म्हटलं, सिनेमात घातलंस ते नको, घातलं नाहीस ते घेऊन ये, शेवटच्या संध्याकाळचं सगळं.

ती तासाभरात लॅपटॉप घेऊन आली. आधी जरा नाखूशच होती. "मामी, न वापरलेलं कुणाला दाखवायचं नसतं."

"तुझी नाकं पुसलेली आहेत मी. मला काय दाखवायचं आणि काय नाही ते मला शिकवू नकोस."

जेवणाच्या टेबलावर तिने ते लावलं. हे खिडकीतच बसून राहिले, पण मान इकडे होती. पडद्यावर दुकान, कुलूपवाले खुर्चीत, आणि पहिल्याच क्षणाला छकुलीचा आवाज. सिनेमात नसलेला तो आवाज इथे थांबायलाच तयार नव्हता. मामा, जरा बाजूला. अजून. मामा, तुझं कोपर येतंय. मामा, हळू काप. मामा, आता जरा भराभर, उजेड चाललाय. शेजारी बसलेली छकुली खुर्चीत खाली खाली जायला लागली.

"अदृश्य बाई ती हीच का?" मी विचारलं.

"मामी, प्लीज."

मग ती जागा आली. कात्री थांबली. सिनेमात इथून सरळ शटर खाली येतं. इथे मात्र हे बाजूने दोन पावलं मागे सरकू लागले. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला पाठ लागली तेव्हा थांबले. मान तिरकी केली. कंगवा वर गेला, बरोबर डाव्या बाजूला, आणि हे म्हणाले, "थांब, एक मिनिट, मागून बघतो."

आणि छकुलीचा आवाज आला, "झालं मामा, छान झालंय. उजेड जातोय, तू पटकन शटर ओढ."

पडद्यावरच्या यांनी कंगव्याकडे बघितलं, मग कॅमेऱ्याकडे, म्हणजे भाचीकडे बघितलं. हसले. कंगवा खिशात घातला आणि शटर ओढायला गेले.

छकुलीने लॅपटॉप बंद केला नाही, पण तिकडे बघतही नव्हती. हे खिडकीतून उठून टेबलाशी आले होते, कधी आले ते मला कळलंच नाही.

"परत लाव," म्हणाले.

तिने परत लावलं. कंगवा वर गेला तिथे यांनी पडद्यावर बोट टेकलं. "मला दिसलं होतं," हे म्हणाले. "बघ. मला दिसलं होतं."

छकुली रडायलाच लागली. "मामा, मी तुला थांबू दिलं नाही. आणि वरून ते काढून टाकलं. माझा आवाज वाईट वाटत होता म्हणून काढला. लोक म्हणतात, करणाऱ्याने मध्ये येऊ नये."

"तू मध्येच होतीस," मी म्हटलं. "माझ्या चांगल्या चादरीसकट."

"मी हे आता परत घालणार आहे. माझा आवाज, मामाचं मागे सरकणं, सगळं."

"घाल. पण मग दाढीवाले म्हणतील, सिनेमा बिघडला."

"म्हणू देत," ती नाक पुसत म्हणाली. यांच्या घराण्यातली आहे, ते तेव्हा पटलं.

मला वाटलं, संपलं. आता हे दाढी करतील, मी ओटा पुसेन. पण हे उभेच. उजवा हात समोर धरून त्याच्याकडे बघत होते. "डोळा आहे," म्हणाले. "पण हाताचं काय? त्या दिवशी पुढे जाऊन नीट केलं असतं, तर नीट झालं असतं का? ते तर यात कुठेच नाही."

आता याला जगातला कुठलाही माहितीपट उत्तर देऊ शकत नव्हता. घडलं ते दाखवेल, घडलंच नाही ते कुठून आणणार? माझा चहा सोडला तर.

मी उठले, स्टूल खिडकीशी ओढलं आणि त्यावर बसून वेणी सोडली. "घ्या. कापा."

"काय?"

"केस. उभ्या जन्मात गावाची डोकी कापलीत, माझ्या डोक्याला कधी हात लावला नाहीत. वेणीची तशीही शेपटी झाली आहे. मानेपर्यंत कापा, आणि ओळ काढा."

"अगं, बायकांचं मला येत नाही."

"ज्याला येतं त्याला कुठूनही येतं, असं मघाशी कोण म्हणत होतं?"

यांनी माळ्यावरून पेटी काढली. माझ्या गळ्याभोवती टॉवेल बांधला. दोन बोटं माझ्या कानामागे ठेवली, आणि मी सरळ बसले, कारण त्या बोटांपुढे कुणीही सरळच बसेल. पहिली लांब बट जमिनीवर पडली तेव्हा उठून पळावंसं वाटलं हे कबूल करते. मग बरं वाटलं. कात्री बोलत होती, हे गप्प होते. आमच्या घरात सहसा याच्या उलट असतं.

छकुलीचा हात सवयीने पिशवीत गेला. कॅमेरा अर्धा बाहेर आला.

"तो आत ठेव," मी म्हटलं, "आणि भिंतीवरचा आरसा काढून आण. माझ्या मागे धर, पेटीतला छोटा मी पुढे धरते. मलाही बघू दे."

ती आरसा घेऊन आली. मागे उभी राहायला गेली आणि मध्येच थबकली, कारण बरोबर मागे हे उभे होते. ती बाजूला झाली, हात लांब करून आरसा बाजूनेच धरला. माझ्या हातातल्या आरशात मला अर्धा कान आणि दाराची कडी दिसत होती, पण मी तक्रार केली नाही.

कात्री थांबली. बाहेर ऊन उतरलं होतं, आणि खिडकीतून आत येत होता तो उजेड तिच्या सिनेमातल्यासारखाच सोनेरी होता आणि तसाच चालला होता.

"छान झालं, मा..." छकुली म्हणाली, आणि जीभ चावून गप्प झाली.

हे दोन पावलं मागे सरकले. मला दिसत नव्हतं, पण मान तिरकी झाली असणार. मला ओळ सरळ हवी होती, माझ्यासाठी नाही.

"डावीकडे," हे म्हणाले. "जराशी. दिसते का गं छकुले?"

ती खूप वेळ बघत राहिली. खोटं बोलायची तिला पूर्ण मुभा होती. "दिसते मामा," ती म्हणाली. "अगदी जराशी."

मी डोळे मिटले. मागून हे जवळ आले, कंगव्याचं टोक मानेला लागलं, आणि कात्री एकदाच, हळूच वाजली.

हे पुन्हा मागे गेले. खोलीतला उजेड संपत आला होता. छकुली आरसा धरून उभी होती, तिचे हात भरून आले होते, तरी घाई कर असं ती म्हणाली नाही. हे बघत होते. आम्ही दोघी थांबलो.

मग यांनी टॉवेल झटकला.

"कुलूपवाल्यांना निरोप दे," हे म्हणाले, "उद्या सकाळी येतो म्हणावं, पेटी घेऊन. आणि मला दाढीचं पाणी ठेव."